भुईकोट ते फड : वटवाघळांच्या वाटेचा इतिहास

#धागा

१/
इ. स. १८१८ चा मे महिना. मोसम नदीकाठच्या मालेगावच्या भुईकोटाला इंग्रजांनी वेढा घातला होता. आत अरबांची शिबंदी, बाहेर लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलची फौज. त्याच वर्षी फ्रान्समध्ये एटिएन जोफ्रॉय सँतिलेर हा प्राणिशास्त्रज्ञ इजिप्तच्या थडग्यांत आढळलेल्या वटवाघळांना शास्त्रीय नावे देत होता. पुढल्याच वर्षी, एप्रिल १८१९ मध्ये, जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी अजिंठ्याच्या अंधाऱ्या लेण्यांत शिरला. तिन्ही प्रसंग एकमेकांपासून दूरचे. मात्र तिन्ही ठिकाणी दगडी वास्तू आहे, आणि अशा वास्तूंचा एक रहिवासी आपल्या इतिहासलेखनात क्वचितच येतो.

२/
तो रहिवासी म्हणजे वटवाघूळ. जुन्या वास्तूत वटवाघळे राहतात हे सर्वांना ठाऊक असते. ती रात्री बाहेर पडून कुठे जातात, कोणत्या वाटेने जातात आणि ती वाट तुटली तर काय होते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. हा धागा त्या वाटेविषयी आहे. त्याचे केंद्र मालेगाव आहे, कारण दगडी निवारा, नदी आणि ओलिताची शेती या वटवाघळाला लागणाऱ्या तीन गोष्टी इतिहासाने येथे एकमेकींच्या शेजारी आणून ठेवल्या.

३/
प्रथम निवारा. मालेगावचा भुईकोट नारोशंकर राजेबहाद्दर यांनी बांधला. पेशवाईतील हे मातब्बर सरदार. झाशीचा सुभा त्यांच्याकडे होता. पानिपतच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंनी दिल्लीचा बंदोबस्त त्यांच्यावर सोपवला होता. नाशिकला गोदाकाठी उभे असलेले १७४७ चे नारोशंकर मंदिर त्यांचेच. मालेगावच्या किल्ल्याच्या बांधकामाचा आरंभ १७४० चा मानला जातो. सपाट भूमीवर दुहेरी तट, बुरूज आणि खंदक, तर एका अंगाला मोसम, अशी त्याची रचना.

४/
१८१८ च्या वेढ्यात हा किल्ला सहजासहजी पडला नाही. इंग्रजांचे आरंभीचे हल्ले अरबांनी परतवले. पुढे तोफांच्या माऱ्यात आतील दारूकोठाराचा स्फोट झाला, तटाचा भाग खंदकात कोसळला आणि जूनमध्ये शिबंदीने शस्त्रे खाली ठेवली. खानदेशातील मराठी सत्तेच्या अखेरच्या दिवसांतील हा एक मोठा संग्राम होय. पुढे किल्ल्याचे लष्करी महत्त्व ओसरले. आज त्याच्या आवारात शाळा भरते आणि शहर तटाला येऊन भिडले आहे.

५/
लष्करी महत्त्व संपलेल्या वास्तूचे पुढे काय होते? इतिहासाच्या पुस्तकात तिचे प्रकरण तेथे संपते. निसर्गाच्या वहीत ते तेथून सुरू होते. दख्खनमधील किल्ल्यांची तळघरे, बंद पडलेली कोठारे, चोरवाटा, बुरुजांतील पोकळ्या, ओसाड मंदिरांचे गाभारे, मकबऱ्यांचे घुमट ही सगळी वटवाघळाच्या दृष्टीने गुहाच. अंधार, दिवसभर फारशी न बदलणारी उष्णता, हवेतील ओलावा आणि शत्रूला पोहोचता येणार नाही इतकी उंची, एवढे मिळाले की ते वास्तूचा कर्ता कोण हे विचारत नाही.

६/
आता पॅरिसकडे वळू. नेपोलियनच्या १७९८ च्या इजिप्त मोहिमेत सैन्याबरोबर विद्वानांचा एक ताफा होता. जोफ्रॉय सँतिलेर त्यांपैकीच. प्राचीन थडग्यांत आणि भग्न वास्तूंत त्याला वटवाघळे दिसली. त्यांतील एका कुळास त्याने ‘टॅफोझस’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘टॅफॉस’ म्हणजे थडगे. दुसऱ्याचे नाव ‘ऱ्हायनोपोमा’, म्हणजे नाकावर झाकण असलेले. ही दोन्ही नावे १८१८ ची मानली जातात, म्हणजे मालेगाव पडले त्याच सालची.

७/
या दोन्ही कुळांची वटवाघळे महाराष्ट्रातही आहेत. ऱ्हायनोपोमाला उंदरासारखी लांब, मोकळी शेपटी असते. कोरड्या, उष्ण प्रदेशातील पडक्या वास्तू त्याला विशेष मानवतात. हवेत धूळ असेल तर ते नाकपुड्या मिटून घेऊ शकते. अन्नाचा सुकाळ असताना शरीराच्या मागील भागात चरबी साठवून ते हिवाळ्यातील टंचाई निभावते. इजिप्तच्या थडग्यांपासून दख्खनच्या किल्ल्यांपर्यंत पसरलेला हा प्राणी माणसाच्या दगडी बांधकामाचा जुना साक्षीदार आहे.

८/
आपल्याकडील नोंदींचा इतिहासही याच काळात सुरू होतो. मुंबई सरकारच्या सेवेतील विल्यम हेन्री साइक्स याने दख्खनमधील सस्तन प्राण्यांची यादी १८३१ मध्ये प्रसिद्ध केली. तीत वटवाघळे आहेत. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिने १९११ मध्ये देशातील सस्तन प्राण्यांची पद्धतशीर पाहणी हाती घेतली, आणि त्या प्रचंड उपक्रमाचा पहिला अहवाल ज्या प्रदेशावर निघाला तो प्रदेश होता खानदेश.

९/
मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात आहे. मात्र १८६९ मध्ये नाशिक जिल्हा निर्माण होईपर्यंत हा भाग खानदेशातच मोडत असे. तो पहिला अहवाल रॉबर्ट चार्ल्स रॉटन या निवृत्त वनाधिकाऱ्याने लिहिला. त्याचेच नाव पुढे एका दुर्मीळ वटवाघळाला मिळाले. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतील या मोठ्या कानांच्या प्राण्याचे वर्णन ओल्डफिल्ड थॉमस याने १९१३ मध्ये प्रसिद्ध केले.

१०/
या पाहण्यांचा हेतू कोणता प्राणी कोठे आढळतो हे नोंदवणे एवढाच होता. नमुना पकडला गेला ती जागा हाच त्याचा पत्ता. वटवाघळाच्या बाबतीत हा पत्ता अपुरा ठरतो. दिवसा ते तटाच्या भेगेत असते, संध्याकाळी पाण्यावर आणि मध्यरात्री शेतावर. पाळणारी मादी पिलाला पाजण्यासाठी रात्रीतच पुन्हा निवाऱ्याकडे फेरी मारते. एकाच रात्रीत तिचे तीन-चार पत्ते होतात, आणि त्यांना जोडणारी वाट हाही तिच्या घराचाच भाग असतो.

११/
अंधारात ही वाट तिला सापडते कशी? या प्रश्नाचा इतिहासही एका वास्तूपासूनच सुरू होतो. १७९० च्या दशकात लाझारो स्पालांझानी या इटालियन शास्त्रज्ञाने पाव्हिया येथील प्रार्थनामंदिराच्या घंटाघरातून वटवाघळे पकडली, काहींची दृष्टी नष्ट केली आणि त्यांना सोडून दिले. काही दिवसांनी त्याच घंटाघरात त्यांतील काही पुन्हा सापडली. त्यांच्या पोटात ताजे कीटक होते. डोळ्यांवाचून ती बाहेर गेली, शिकार करून आली आणि आपल्याच घरी परतली. प्रयोग क्रूर होता, पण त्याने विचारलेला प्रश्न दीडशे वर्षे टिकला.

१२/
जिनेव्हाच्या लुई ज्युरीनने कान बंद केलेली वटवाघळे आपटतात हे दाखवले. वटवाघूळ कानांनी ‘पाहते’ हे तेव्हाच्या विद्वानांना पटले नाही. १९३८ मध्ये हार्वर्डचा तरुण विद्यार्थी डोनाल्ड ग्रिफिन एका नव्या यंत्राजवळ वटवाघळे घेऊन गेला. माणसाला ऐकू न येणारे ध्वनी टिपणारे ते यंत्र लगेच बोलू लागले. पुढे रॉबर्ट गॅलाम्बोसबरोबर त्याने सिद्ध केले की वटवाघूळ ध्वनी सोडते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून अडथळे आणि भक्ष्य ओळखते.

१३/
या शक्तीला एक मर्यादा आहे, आणि आपल्या विषयाचे मर्म तिच्यातच आहे. अतिशय उच्च स्वराचा ध्वनी हवेत लवकर विरतो. लहान कीटकाचा प्रतिध्वनी काही मीटरपलीकडून परत येत नाही. झाडांची रांग किंवा भिंत थोडी अधिक दुरून जाणवते, इतकेच. म्हणजे उघड्या माळावर कमी उंचीने उडणाऱ्या लहान वटवाघळासाठी सभोवताली पोकळी असते. दाट धुक्यात बांधाचा आधार घेत चालणाऱ्या माणसासारखी त्याची स्थिती होते.

१४/
म्हणून अनेक लहान जाती काठाकाठाने उडतात. नदीची दरड, ओढा, कुंपण, रस्त्याकडेची झाडी, तटाची भिंत यांचा त्यांना आधार लागतो. नेदरलँड्समधील अभ्यासकांनी १९९० च्या सुमारास हे तपशीलवार नोंदवले. झाडांच्या ओळी आणि कुंपणे हीच तेथील वटवाघळांची वहिवाट होती. रात्रीमागून रात्री तीच वाट, तीच वळणे. ओळीत मोठे खिंडार पडले की काही जाती लांबचा वळसा घेत, काही तेथपर्यंत येऊन मागे फिरत.

१५/
सगळी वटवाघळे अशी नसतात. नाकावर पानासारखी घडी असलेली वटवाघळे रुंद पंखांची असतात. ती सावकाश, खालून, झाडांच्या आतबाहेर उडतात. झाडीच्या वाटेवर सर्वाधिक अवलंबून असतात ती हीच. घराच्या फटीत राहणाऱ्या इवल्या पाकोळ्या झाडांच्या कडेने आणि दिव्यांभोवतीही शिकार करतात. टॅफोझससारखी लांब, अरुंद पंखांची वटवाघळे उंचावरून वेगाने जातात आणि त्यांना झाडांच्या रांगेची तितकी गरज पडत नाही. एकाच किल्ल्यातून निघणाऱ्या तीन जातींचे रात्रीचे नकाशे त्यामुळे तीन प्रकारचे असू शकतात.

१६/
फळभक्षी वटवाघळांचा नकाशा आणखी निराळा. गुहांत व पडक्या वास्तूंत राहणाऱ्या एका फळभक्षी जातीवर इस्राएलच्या शास्त्रज्ञांनी सूक्ष्म उपग्रहयंत्रे बसवली आणि निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध केले. ही वटवाघळे निवाऱ्यापासून दहा-वीस किलोमीटर दूर असलेल्या ठरावीक झाडांकडे उंचावरून जवळजवळ सरळ रेषेत जात आणि वाटेतील तसलीच फळझाडे सोडून देत. दूरच्या खुणा आठवून ती मनात प्रदेशाचे चित्र बाळगतात, असे त्यातून दिसले. त्याच कुळातील आपली जात लेण्यांत, भुयारांत आणि ओसाड वास्तूंत राहते.

१७/
आता मालेगावच्या भूगोलाकडे परत येऊ. मोसम नदी बागलाणच्या डोंगरांकडून येते, मालेगावातून जाते आणि गावाच्या खाली गिरणेला मिळते. मोसम, आराम, पांझरा या नद्यांवर शतकानुशतके एक विलक्षण सिंचनपद्धती नांदत आली. तिचे नाव फड. नदीवर ठिकठिकाणी दगडी बंधारे बांधायचे, त्यांतून पाट काढायचे आणि पाटाखालची जमीन मोठमोठ्या तुकड्यांत, म्हणजे फडांत, विभागायची. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि दर वर्षी फडांची पिके बदलायची.

१८/
या व्यवस्थेला आपले कारभारी होते. पाणी सोडणारा पाटकरी, देखरेख करणारा हवालदार, पिकांची राखण करणारा जागल्या. मालकी ज्याची त्याची, पाणी मात्र सामाईक शिस्तीने. इतिहासकारांनी फडाचा अभ्यास शेती, सहकार आणि महसूल या अंगांनी केला आहे. आपण त्याकडे रात्रीच्या बाजूने पाहू. पावसाळा संपल्यावर भोवतीचा माळ करपतो. बंधाऱ्यामागे पाणी साचलेले असते, पाट वाहता असतो आणि फडात ऊस किंवा गहू हिरवा असतो. कोरड्या मुलखातील कीटक कोठे गोळा होतील, हे सांगण्याची गरज नाही.

१९/
वटवाघळाच्या गणितात याला फार मोल आहे. ते उडता उडता पाण्याच्या पृष्ठाला तोंड लावून पाणी पिते, म्हणून त्याला मोकळा, शांत जलाशय लागतो. बंधाऱ्याचे साचलेले पाणी अगदी तसेच असते. कीटकभक्षी वटवाघूळ एका रात्रीत आपल्या वजनाच्या मोठ्या हिश्श्याइतके कीटक फस्त करते, आणि त्यांत पिकांवर पडणाऱ्या किडींचे पतंगही असतात. फडाचा जागल्या जमिनीवरून राखण करी. आकाशातून तेच काम करणारे बिनपगारी जागले त्या प्रदेशाने आपोआप पोसले होते.

२०/
निवारा आणि चरण्याची जागा यांमधला दुवाही जुन्या वसाहतीने नकळत पुरवला. नदीचा काठ हा वटवाघळांचा राजरस्ताच. पाटाच्या कडेने बाभळी आणि जांभळी, विहिरीवर उंबर, वाटेवर वड आणि चिंच, बांधावर निंब अशी जुन्या खेड्यांची झाडी असे. मुंबई–आग्रा हा मालेगावावरून जाणारा जुना मार्ग. अशा मार्गांच्या कडेला वाटसरूंच्या सावलीसाठी झाडे लावत. माणसाने दिवसाच्या सावलीसाठी लावलेल्या त्याच ओळी रात्री वटवाघळांना वाट दाखवत.

२१/
झाडांच्या ओळीचा आणखी एक उपयोग आहे. सूर्यास्तानंतरचा पहिला अर्धा तास कीटकांच्या ऐन बहराचा असतो, आणि शिक्रा, घुबड अशा शिकारी पक्ष्यांचाही. लवकर निघावे तर जिवाची भीती, उशिरा निघावे तर उपासमार. वास्तूच्या तोंडापासूनच गर्द झाडी सुरू होत असेल तर तिच्या अंधारातून वटवाघूळ लवकर बाहेर पडू शकते. समोर उघडे पटांगण असेल तर त्याला काळोख दाटेपर्यंत थांबावे लागते. पिलू पाजणाऱ्या मादीला रोजचा तेवढा विलंबही जड जातो. बहुतेक जातींना वर्षाला एकच पिलू होते, त्यामुळे घटलेली वस्ती सहजी भरून येत नाही.

२२/
आता अजिंठ्याकडे, कारण नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २८ एप्रिल १८१९ ही तारीख जॉन स्मिथने दहाव्या लेण्यातील खांबावर आपल्या नावासह कोरली. त्या लेण्यांना माणसाने सोडले होते, वटवाघळांनी नव्हे. त्यांच्या मलमूत्राने प्राचीन चित्रांची मोठी हानी झाली. रॉबर्ट गिल, जॉन ग्रिफिथ्स यांसारख्या चित्रकारांनी १९व्या शतकात तेथे प्रती काढल्या, तेव्हा वटवाघळांचा उपद्रव ही नेहमीची तक्रार होती. पुढे संरक्षणासाठी त्यांना लेण्यांबाहेर ठेवणे भाग पडले. जगाचा ठेवा असलेली चित्रे वाचवायची तर ते योग्यच होते.

२३/
म्हणून वारसा आणि वन्यजीव यांत नेहमी सलोखाच असतो असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. अजिंठ्याची चित्रित भिंत आणि एखाद्या भुईकोटाचे रिकामे तळघर यांना मात्र एकच नियम लावणे हेही अविवेकाचे आहे. आंद्रे ब्रॉसे या फ्रेंच संशोधकाने १९६० च्या दशकाच्या आरंभी पश्चिम व मध्य भारतातील वटवाघळांचा अभ्यास केला. त्याचे लेख १९६२–६३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आले. दख्खनमधील वटवाघळांचे जीवन माणसाने कोरलेल्या आणि रचलेल्या दगडाशी किती घट्ट बांधले गेले आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

२४/
आजचे संकट मात्र बहुधा निवाऱ्याच्या दारापाशी नसून वाटेवर आहे. त्यातील पहिले म्हणजे उजेड. इंग्लंडमधील संशोधकांनी वटवाघळांच्या वहिवाटीच्या कुंपणांवर रस्त्यावरच्यासारखे दिवे लावून पाहिले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात नाल-नाकाच्या एका लहान जातीची ये-जा दिव्यांमुळे एकदम घटली आणि तिची सुरुवातही उशिरा होऊ लागली. निवारा शाबूत होता, शेत शाबूत होते. मध्ये फक्त उजेड आला होता.

२५/
स्वीडनमधील उदाहरण तर वारसाप्रेमींनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. तेथील खेड्यांतील जुन्या चर्चमध्ये लांब कानांची वटवाघळे पिढ्यान् पिढ्या राहत आली. १९८० च्या दशकात पाहिलेली चर्च अभ्यासकांनी २०१६ मध्ये पुन्हा तपासली. मधल्या काळात अनेक चर्च शोभेसाठी रात्री प्रकाशझोतांनी उजळली होती. ज्यांना उजेड लावला नव्हता तेथील वटवाघळे टिकली होती. चारही बाजूंनी उजळलेल्या चर्चमधून ती नाहीशी झाली होती. इमारतीची एकही वीट न हलवता तेथील वसाहत संपली.

२६/
दुसरे संकट झाडांच्या तुटलेल्या ओळींचे. रस्तारुंदीकरणात दोन्ही कडांचे जुने वड आणि चिंचा जातात. पाटाचे काँक्रीट होते आणि त्याच्या कडेची झाडी उरत नाही. नदीपात्रात सांडपाणी आणि राडारोडा येतो. मालेगावसारख्या दाट, रात्रंदिवस यंत्रमागांनी जागणाऱ्या शहरात किल्ला आणि शेत यांतील अंतर नकाशावर पूर्वीइतकेच दिसेल. लहान वटवाघळासाठी मात्र ते अंतर दर नव्या उजळ चौकागणिक वाढते. अशा शहरात अंधारी राहू शकणारी सलग पट्टी उरते ती बहुधा नदीचीच. म्हणून मोसमचा काठ हा सांडपाण्याइतकाच अंधाराचाही प्रश्न आहे.

२७/
भीतीचाही विचार करावा लागेल. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाह विषाणूचा मागोवा लागल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले आणि मोठी खळबळ उडाली. यातून घ्यायचा धडा सरळ आहे. वटवाघळाला हात लावू नये, त्यांच्या वस्तीत शिरू नये, साचलेली विष्ठा कोरडी झाडू नये. धूर करून किंवा फटाके लावून त्यांना हुसकावल्याने धोका घटत नाही. ती पांगतात, घाबरतात आणि माणसांच्या अधिक जवळच्या जागा शोधतात.

२८/
कायद्याचा इतिहासही या दृष्टिबदलाची साक्ष देतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळभक्षी वटवाघळे उंदीर आणि कावळ्यांबरोबर ‘उपद्रवी’ प्राण्यांच्या परिशिष्टात होती. रॉटनच्या वटवाघळासारखी एखादी जात पुढे सर्वोच्च संरक्षणात गेली, बाकीच्यांचा शिक्का कायम राहिला. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच रद्द झाले. फुलांचे परागण करणारा, बिया दूरवर नेऊन टाकणारा हा प्राणी अर्धशतक कागदोपत्री उपद्रवी होता.

२९/
गडसंवर्धनाच्या मोहिमांत भाग घेणाऱ्या मित्रांनो, हा धागा मुख्यतः तुमच्यासाठी आहे. भुयार किंवा कोठार साफ करण्यापूर्वी एक संध्याकाळ बाहेर थांबून पाहा. सूर्यास्तानंतर तासभर कोणत्या झरोक्यातून किती वटवाघळे निघतात आणि कोणत्या दिशेला वळतात, ते लिहून ठेवा. आत विजेऱ्या घेऊन शिरू नका. पिलांच्या काळात काम पुढे ढकला. झरोके आणि फटी बुजवण्याआधी पुरातत्त्व खात्याचा आणि जाणकारांचा सल्ला घ्या. चित्रे, शिल्पे किंवा माणसांची वर्दळ असलेल्या जागी उपाय वेगळे असतील, पण तेही आधी पाहणी करूनच ठरवावेत.

३०/
किल्ल्यावर दिवे लावण्याचा बेत असेल तर एक बाजू तरी अंधारी ठेवा, आणि ती बाजू नदीकडची किंवा झाडीकडची असू द्या. प्रकाशझोत आकाशाकडे न टाकता खाली वळवा आणि उत्सव संपला की मालवा. तटाखाली झाडे लावायची असतील तर ती विखरून लावण्याऐवजी पाण्याच्या दिशेने ओळीत लावा. तटाच्या अगदी बुंध्याशी मात्र लावू नका, कारण मुळे चिरे फोडतात. वास्तू आणि वाट दोन्ही सांभाळता येतात, त्यासाठी दोन्हींची नोंद आपल्या वहीत हवी.

३१/
नारोशंकरांनी तट बांधला तो शत्रूसाठी. शेतकऱ्यांनी मोसमवर बंधारे घातले ते पिकासाठी. वाटेवर झाडे लावली गेली ती सावलीसाठी. वटवाघळांचा विचार यांपैकी कोणाच्याही मनात नव्हता, आणि तरीही या तिन्ही गोष्टींमधून त्यांच्या येण्याजाण्याची वाट तयार झाली. अडीच-तीन शतकांपूर्वी जे नकळत घडले ते आज जाणूनबुजून जपावे लागेल, कारण उजेड आणि रस्ते आपण जाणूनबुजूनच आणतो. तुमच्या परिसरातील किल्ल्यातून, वाड्यातून किंवा मंदिरातून संध्याकाळी निघणारी ही मंडळी कोणत्या दिशेने जातात, ते पाहून खाली जरूर लिहा. लेखनसीमा.